बुधवारची पावलं

बुधवार उजाडला की माझं डोकं आधीच तापलेलं असतं. इतर दिवशी आमच्या प्लास्टरच्या खोलीत मोडके हात येतात, मोडके पाय येतात, झाडावरून पडलेली पोरं येतात. त्यांना एकदा प्लास्टर घातलं की महिना-दीड महिना ती तोंड दाखवत नाहीत. बुधवार मात्र बाळांचा असतो. जन्मतःच ज्यांची पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून बसलेले, अशी बाळं त्या दिवशी येतात. पाऊल हाताने हळूहळू बाहेर वळवायचं, जितकं वळेल तितक्यावर धरून ठेवायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पुढच्या बुधवारी ते काढायचं आणि आणखी थोडं वळवायचं. पाच-सहा वेळा असं केलं की पाऊल जागेवर येतं. मग टाचेमागच्या शिरेला एक बारीकसा छेद, आणि पुढे काही वर्षं झोपताना घालायचे खास बूट. बस, एवढंच. पोर पळायला लागतं आणि आपले पाय कधी वाकडे होते हे त्याच्या गावीही नसतं.

ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की नाकी नऊ येतात. पाऊल मी धरते आणि प्लास्टर मामा गुंडाळतात. मामा म्हणजे आमच्या खोलीतले मदतनीस. सगळं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणतं, त्यांची बायकोसुद्धा डबा द्यायला आली की मामा आहेत का म्हणून विचारते. बाळ किंचाळत असतं, लाथा झाडायला बघत असतं, आणि मला माझा अंगठा त्या पावलाच्या बाहेरच्या हाडावर असा ठेवावा लागतो की तो तिथून तसूभरही हलता कामा नये. टाच दाबायची नाही, नुसती मोकळी सोडायची. प्लास्टर घट्ट होईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. अशी एकामागून एक बाळं. दुपारपर्यंत माझा अंगठा माझा राहत नाही.

हे काम मला आवडतं म्हणूनच मी ह्या खोलीत आले. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट घडली त्या वर्षी मला बघून कुणाला ते खरं वाटलं नसतं. प्लास्टरचे रोल कधी वेळेवर यायचे नाहीत. आले तर दमट, गाठी झालेले. स्टोअरवाला एकेक रोल असा मोजून द्यायचा, जणू स्वतःच्या घरातून देतोय. म्हणून दर बुधवारी सकाळी मामांना स्टोअरच्या दारात धरणं धरून बसावं लागायचं. आणि इकडे मागच्या चौकातला नळ आटला होता.

त्या नळाचं महत्त्व सांगायला हवं. जुनं प्लास्टर काढायचं म्हणजे ते आधी पाण्यात भिजवून मऊ करावं लागतं. त्यासाठी चौकात नळाखाली एक मोठा पत्र्याचा टब होता. बाळांच्या आया त्यांना मांडीवर घेऊन टबाच्या काठावर बसायच्या, पाय पाण्यात सोडायच्या, प्लास्टर मऊ पडलं की पट्टीचं टोक शोधून ते सोडवायच्या. टोक शोधायला वेळ लागू नये म्हणून मामा प्रत्येक प्लास्टरचं शेवटचं टोक थोडं दुमडून ठेवायचे. पाय धुऊन झाले की बाळ सरळ आत, माझ्या हातात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा मी आणि मामा आतून बादल्या भरून नेऊ लागलो. माझी कंबर धरली. प्लास्टर अर्धवट भिजलेलं, बाळांनी त्यात जे काही करायचं ते करून ठेवलेलं, आणि बाहेर रांग वाढत चाललेली.

एका बुधवारी माझा तोल सुटला. रिकामी बादली व्हरांड्यात आपटली आणि बाकावर बसलेल्या सगळ्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "माझा अर्धा दिवस ह्या भिजवण्या-सोडवण्यातच जातो. पावलं कधी बघायची मी? ह्या बादल्या वाहायला जन्माला आलेय का?"

बायकांनी माना खाली घातल्या. माझ्या तोंडाचा पट्टा त्यांना नवा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ते विसरूनही गेले.

मग हळूहळू बुधवार सुधारत गेले. का ते मी विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना माणूस कशाला विचारतो? बाळं स्वच्छ धुतलेल्या, तेल लावलेल्या पायांनी आत यायला लागली. मला वाटलं नळाला पाणी आलं आणि मामांनी चौकात नीट व्यवस्था लावली. मामा तेव्हा स्टोअरच्या दारात बसलेले असायचे. त्यांना वाटलं, ताईंनी, म्हणजे मी, दटावून सगळ्यांना शिस्त लावली. रांग दुपारच्या आत संपू लागली. ऑफिसमधून शाबासकी आली की प्लास्टरच्या खोलीतली गर्दी आटोक्यात आली आहे. ती शाबासकी मी मान ताठ करून घेतली. माझ्या कंबरेनेसुद्धा घेतली.

आणि नेमकी तेव्हापासून पावलं मानेनात.

सगळी नाही. बरीचशी जरा रेंगाळत होती, पाचाऐवजी सात, सहाऐवजी आठ प्लास्टरं लागत होती. पण एका बाळाचं तर काही केल्या पुढे सरकेना. त्या मुलीला आम्ही बबडी म्हणायचो. गोल चेहरा, रागीट भुवया, आणि किंचाळायला लागली की स्टोअरमध्ये बसलेल्या मामांना कळायचं बबडी आली. तिची आई कपड्यांना इस्त्री करून द्यायची, लांबच्या गावाहून यायची. आदल्या संध्याकाळी निघून रात्रभराच्या बसने सकाळी आमच्या दारात. बाई अंगाने काडी, पण पाठीवर बाळ, खांद्याला पिशवी, आणि कपाळावर एक आठी नाही. बबडीचं उजवं पाऊल रडतखडत येत होतं, डावं मात्र दगड होतं. मी बुधवारी ते इथपर्यंत आणायची, पुढच्या बुधवारी ते पुन्हा मागे गेलेलं. ये रे माझ्या मागल्या.

पाऊल असं मागे जातं त्याची कारणं मला पाठ होती. प्लास्टर ढिलं होऊन खाली सरकणं, किंवा घरच्यांनी रडतंय म्हणून कापून टाकणं. मी त्या आईला दर खेपेला उलटसुलट विचारायची. प्लास्टर सरकलं का? नाही. कुणी कापलं का? नाही. बोटं आत गेली होती का? नाही, ताई. ती प्रत्येक प्रश्नाला शांतपणे नाही म्हणायची आणि ते ऐकून माझं डोकं आणखी फिरायचं. मनात मी निकाल देऊन टाकला होता, ही काहीतरी लपवतेय. साहेबांनासुद्धा मी तसं बोलून दाखवलं.

साहेब म्हणजे आमचे हाडांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यावर तीन वॉर्ड, दोन ऑपरेशन थिएटर आणि एक ऑफिस. सातव्या प्लास्टरच्या वेळी त्यांनी बबडीचं पाऊल हातात घेऊन फिरवून बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, हे अडलेलं पाऊल दिसतंय. पुढच्या बुधवारपर्यंत फरक पडला नाही तर मोठ्या ऑपरेशनच्या यादीत घालू.

मोठं ऑपरेशन म्हणजे पाऊल सगळीकडून उघडून, आतले सांधे सोडवून सरळ करायचं. पाऊल दिसायला सरळ होतं. पण तशी मोठी झालेली माणसं मी बघितली आहेत. पाऊल लाकडासारखं ताठ होतं, चढावर दुखतं, थंडीत दुखतं, तिशीत माणूस काठी शोधायला लागतो. अगदीच इलाज नसेल तर करावं. बबडीला ते नशिबी येऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि माझ्या अंगठ्यात तेवढं बळ नाही असं मला पहिल्यांदा वाटलं.

घरी गेले ती फणफणत. माझी नणंद आमच्याच हॉस्पिटलात केस पेपरच्या खिडकीत बसते. ती आली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती माझ्या मागे लागली होती की अर्ज कर. पंखा आहे, खुर्ची आहे, बाळं नाहीत, बादल्या नाहीत. नाव, वय, पत्ता, पुढचा. माझा नवरा म्हणाला, "हिला खिडकीत बसवलं तर पेशंट बरे होऊन घरी जातील, हिला नाव सांगण्यापेक्षा दुखणं परवडलं म्हणतील." सगळे हसले. मीही हसले, पण दुसऱ्या दिवशी अर्ज मात्र देऊन टाकला. साधं गणित होतं. इतकी वर्षं जीव ओतून जर पाऊल मागेच जाणार असेल, तर पालथ्या घड्यावर पाणी घालण्यापेक्षा खिडकी काय वाईट?

मग तो बुधवार आला. बबडी आली, स्वच्छ पाय, तेल लावलेले. मी डावं पाऊल हातात घेतलं. गेल्या बुधवारी मी ते जिथे नेऊन ठेवलं होतं त्याच्या पार मागे ते गेलं होतं. जणू मी हातच लावला नव्हता.

मी त्या आईला नको ते बोलले. सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, "तुला ही मुलगी चालायला हवीय की नको? मी इथे रक्त आटवतेय आणि तू घरी जाऊन सगळं मातीत घालतेस. आता साहेब पाय फाडतील तेव्हा रडू नकोस."

ती रडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, एवढंच. तिने बबडीला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "ताई, मी तर सांगाल ते सगळं करते."

नेमकं तेव्हाच आतल्या नळाचं पाणी गेलं. मामा रोल घेऊन नुकतेच आले होते. प्लास्टर भिजवायला पाणी हवं, म्हणून मी बादली उचलली आणि पाय आपटत मागच्या चौकात गेले. चौकातल्या टबात निदान तळाला तरी पाणी असेल असं मला वाटलं.

टबात मांजर व्यायली होती. जुन्या पोत्याच्या तुकड्यावर चार पिल्लं होती, डोळे उघडलेली, चांगली एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. टब कोरडा ठणठणीत होता. नळाच्या तोंडाला कोळ्याने जाळं केलं होतं. मांजर माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की तुमचं इथे काय काम.

मी बादली हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझं डोकं एरवी भांडणात भराभर चालतं, पण तेव्हा ते फार हळू चाललं. पिल्लांचे डोळे उघडून बरेच दिवस झाले होते. म्हणजे इतके दिवस ह्या टबात पाणी नव्हतं. म्हणजे इथे कुणी पाय भिजवले नव्हते. आणि आज सकाळपासून जितकी बाळं माझ्या हातात आली, तितक्यांचे पाय धुतलेले होते. गेल्या बुधवारी तसंच. त्याच्या आदल्या बुधवारीही.

मी व्हरांड्यात आले. बाकावर आया बसल्या होत्या, मांडीवर बाळं, उघडे पाय. मी विचारलं, प्लास्टर कुणीकुणी घरून काढून आणलंय?

हात वर झाले. एक, दोन, मग सगळेच. बायका हसत होत्या. जुळ्यांच्या आईने तर दोन्ही हात वर केले. आज तरी ताई शाबास म्हणतील अशी वाट बघत असल्यासारखे ते चेहरे होते.

इस्त्रीवाली दारात उभी होती. तिने हात वर केला नव्हता, तिच्या हातात बबडी होती. मी तिच्याकडे बघितलं तशी ती चाचरत म्हणाली, "तुमचा अर्धा दिवस भिजवण्यात जातो म्हणाला होतात. म्हणून मीच सगळ्यांना म्हटलं, आपण घरूनच काढून आणू, ताईंना तेवढाच आराम. टोक सापडतं लगेच, मामा दुमडून ठेवतात ना. ह्या सगळ्या जवळच्या, सकाळी उठून काढतात. माझ्याकडे पाणी दुपारीच येतं आणि संध्याकाळी बस धरायची, म्हणून मी आदल्या दुपारीच काढते. बसमध्ये तिला रात्रभर मोकळं वाटतं."

आदल्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. एवढा वेळ ते पाऊल उघडं राहत होतं, आणि उघडं पाऊल गप्प बसत नाही. इतक्या लहान बाळाचं पाऊल आठवडाभर प्लास्टरमध्ये धरून ठेवावं आणि मग अख्खी रात्र मोकळं सोडावं, तर ते आल्या वाटेने परत जातं. म्हणून तर काढलं की लगेच दुसरं घालायचं. हे आम्ही कुणाला कधी सांगितलं नव्हतं. प्लास्टर कायम आमच्या चौकातच निघायचं, मग सांगायची वेळ येणार कुठून? प्लास्टर सरकलं का विचारलं, तिने नाही म्हटलं. कापलं का विचारलं, नाही म्हटलं. घरी भिजवून सोडलंस का हे मी विचारलंच नव्हतं. ती एकदाही खोटं बोलली नव्हती. जी सगळ्यात लांबून येत होती, जिने माझ्यासाठी सगळ्यात आधी उठून विचार केला, तिच्याच मुलीचं पाऊल सगळ्यात जास्त मागे गेलं होतं. आणि मी काही मिनिटांपूर्वी तिला काय बोलले ते माझ्या कानात अजून वाजत होतं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला, त्यांच्यावर. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मग आठवलं कुणी सांगितलं होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या जिभेने एका बाळाच्या हाडाचं वाटोळं करत आणलं होतं.

साहेबांकडे गेले तेव्हा ते यादीवर नावं लिहीत होते. वाटेत मनात एकदा येऊन गेलं की काही बोलूच नये. पुढच्या बुधवारपासून गुपचूप सगळ्यांना प्लास्टर न काढता यायला सांगावं आणि बबडीचं नाव यादीत जाऊ द्यावं. अडलेलं पाऊल, कुणाचाच दोष नाही. मी महिनाअखेर खिडकीत. हा विचार जिना चढेपर्यंत टिकला.

मी सांगितलं की हिचं पाऊल अडलेलं नाही, दर आठवड्याला ते जवळजवळ एक दिवस उघडं राहतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. घरी काढायला कुणी सांगितलं त्यांना, असं त्यांनी विचारलं.

"मी," म्हटलं. मग सगळं सांगितलं, बादलीपासून मांजरापर्यंत.

त्यांनी यादी बाजूला सारली. मग कडवटपणे म्हणाले, "आणि मी इतके आठवडे ते पाऊल हातात घेऊन काय बघत होतो?"

मी म्हटलं, "आपण सगळे रांग बघत होतो, साहेब."

त्यांना ते झोंबलं असावं, कारण गर्दी आटोक्यात आल्याचं ऑफिसात त्यांनीच सांगितलं होतं. मला बोलायला हवं तेवढं ते बोलले, आणि मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, तीन प्लास्टरं देतो. तिसऱ्यानंतर मी स्वतः बघेन. तोवर यादीत नाव पेन्सिलने राहील.

खाली येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले आणि बायकांना समजावून सांगितलं. कुणीही घरी प्लास्टर सोडायचं नाही. घाण झालं, वास आला, बाळ रडलं, तरी नाही. मी ओरडले तरी नाही. एक आजी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, मग तुम्ही ओरडूच नका ना. मी म्हटलं, "आजी, मी ओरडणारच. पण माझं ओरडणं मनावर घ्यायचं नाही. मी पावलाबद्दल सांगेन तेवढंच ऐकायचं." आजींना ते पटलं नाही, तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. इस्त्रीवालीला मी वेगळं बाजूला घेतलं आणि हात जोडले. तिने माझे हात पटकन खाली केले, लोक बघतायत म्हणून. त्या दिवशी बबडीचं प्लास्टर घालताना अंगठा मला दोनदा उचलून पुन्हा ठेवावा लागला. मामा म्हणाले, ताई, घाई नाही, मी थांबतो. ते थांबले.

ह्यानंतर सगळं छान झालं असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्याकडे एक बुधवार येऊन बसावं. रांग पुन्हा पहिल्यासारखी लांब झाली, नव्हे पहिल्यापेक्षा लांब. मांजराला हुसकायला मामा तयार नव्हते, म्हणून कुठूनतरी प्लास्टिकची दोन मोठी घमेली पैदा केली. पाणी वरच्या मजल्यावरून आणायचं. ऑफिसने विचारणा केली की सुधारलेली गर्दी पुन्हा का बिघडली. मी उत्तर दिलं की गर्दी बिघडली, पावलं सुधारतायत. ते उत्तर त्यांना उद्धट वाटलं, आणि होतंच ते. खिडकीतल्या खुर्चीसाठी मला बोलावणं आलं, तेव्हा मी म्हटलं, तीन बुधवार थांबा. खुर्ची थांबते थोडीच. दुसरी कुणीतरी जाऊन बसली. नणंद आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. भेटली तेव्हा म्हणाली, वहिनी, तुला सुख दुखतं. सुख कुठलं आणि दुखणं कुठलं, माझं तर सगळंच दुखत होतं.

पहिल्या बुधवारी इस्त्रीवाली आली ती डोळे तारवटलेली. बबडी बसमध्ये रात्रभर रडली होती, प्लास्टरमध्ये तिला पाय हलवता येत नव्हते. शेजारच्यांनी चारदा तिला पुढच्या सीटवर जा, मागच्या सीटवर जा केलं होतं. शेवटी ती वाहकाच्या शेजारी उभीच राहिली होती. पण प्लास्टर पायावर होतं. घाणेरडं, वास मारणारं, घोट्याशी काळं पडलेलं, आणि जसंच्या तसं. मी स्वतः भिजवलं, स्वतः सोडवलं, पाय पुसला आणि पाऊल हातात घेतलं. ते मागे गेलं नव्हतं. फार पुढेही नव्हतं, पण जिथे ठेवलं होतं तिथेच मला सापडलं. दुसऱ्या बुधवारी ते माझ्या हाताखाली सरकलं. इतके आठवडे ज्या दगडावर मी डोकं आपटत होते तो हलला. मी कुणाला काही बोलले नाही. मामांना कळलं, कारण त्यांनी गुंडाळताना एक वेढा मुद्दाम हळू घेतला.

तिसऱ्या बुधवारी साहेब आले. तोवर मी सकाळपासून सात घमेली उपसली होती, एका बाळाने माझ्या अंगावर घाण केली होती, आणि दोन बापांशी माझं भांडण झालं होतं. साहेबांनी बबडीचं डावं पाऊल धरून बाहेर वळवलं. ते मधल्या रेषेच्या पार जाऊन बाहेर वळलं, सहज. बबडीने भुवया चढवून त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी पुन्हा एकदा वळवून बघितलं, मग मला म्हणाले की पुढच्या आठवड्यात शिरेला छेद देऊ, मोठ्या ऑपरेशनची गरज नाही. आणि पेन्सिलने लिहिलेलं नाव खोडायला निघून गेले.

इस्त्रीवालीला आधी काही समजलंच नाही. मी तिला दोनदा सांगितलं. समजल्यावर ती स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल, पण तिने बबडीचा पाय आपल्या तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, एक विचारू का? मी घरी काढलं नसतं, तर हे केव्हाच झालं असतं ना?"

मामा हातातला रोल तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. नाही म्हणणं सोपं होतं. तसं काही नसतं गं, प्रत्येकाचं पाऊल वेगळं, असं दहा वेळा म्हणता आलं असतं आणि ती बिचारी ते मानून घरी गेली असती.

"हो," मी म्हटलं. "झालं असतं. पण ते तू नाही केलंस, मी केलं."

तिला ते पटत नव्हतं.

"तुम्ही तर दमला होतात," ती म्हणाली.

"दमलेली तर मी आजही आहे," मी म्हटलं. बबडीचं पाऊल तिच्या तळहातावरून माझ्या हातात घेतलं, अंगठा त्या हाडावर ठेवला आणि मामांना म्हटलं, गुंडाळा.